एक घर मागे

फिरक्याचा आवाज बसला तेव्हा बाजारातल्या लोकांना ती त्याची नवी थट्टाच वाटली. माणूस फुलांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारणारा. भल्या पहाटे फळीवर उभा राहून असा काही सुटायचा की गिऱ्हाइकाने हात वर करावा की कानांवर ठेवावा, तेच त्याला कळत नसे. सगळ्यांची फिरकी घेतो म्हणून नाव पडलं फिरक्या, आणि आई होती तोवर तीसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायची. असा माणूस एक दिवस बोबडं बोलायला लागला, तर लोक हसणारच. हसले. मग त्याच्या हातून लिलावाची हातोडी निसटली, मग जिन्यावर पाय अडखळला, आणि त्यानंतर कोणी हसेना.

रोगाचं नाव लांबलचक होतं आणि अर्थ आखूड. अंगातले स्नायू एकेक करून हात वर करणार, डोकं मात्र शेवटपर्यंत जागं राहणार. डॉक्टरीणबाई मागाहून "बहुतेक" असं पुटपुटल्या होत्या. क्वचित कोणाचं डोकंही जातं, म्हणाल्या. घरात तो एवढासा शब्द सगळ्यांनी ऐकला आणि कोणीच उच्चारला नाही.

ताई ही त्याची थोरली बहीण. एका जुन्या कार्यालयात युनिक्स प्रणालीच्या संगणकांवर प्रोग्राम लिहिण्यात तिचे केस पिकले होते. भावाची जीभ पार गेली तेव्हा ती रडत बसली नाही. ऑफिसातून भंगारात निघालेलं एक यंत्र तिने हक्काने उचलून आणलं, त्याला हिरव्या अक्षरांचा पडदा जोडला आणि प्रोग्राम लिहिला. पडद्यावर अक्षरांची घरं. उजेडाचा एक चौकोन एका घरावरून दुसऱ्या घरावर सरकत जायचा. हवं ते अक्षर उजळलं की फिरक्याने उजव्या तर्जनीखालचं बटण दाबायचं. तेवढं एकच बोट त्याच्या मालकीचं उरलं होतं. चेहरा थिजलेला, पापण्या आपल्या मर्जीने मिटायच्या आणि आपल्या मर्जीने उघडायच्या.

पहिल्या दिवशी त्याने काय लिहावं? "मंद आहे यंत्र. आमच्या बाजारात याला झाडू मारायलाही ठेवणार नाहीत."

ताई हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन हसता हसताच रडली.

त्याने एक अट घातली होती: आपण लिहिलेलं कुठेही साठवायचं नाही. तोंडाने बोललेलं जसं हवेत जातं, तसंच हेही जाऊ दे, त्याचं म्हणणं. ताईने ती पाळली. ओळ पुरी झाली की पुसली जायची.

आणि एक नियम तर त्याचा फार जुना. लिलावात एकवार, दोनवार, तीनवार झाल्याशिवाय हातोडी पडत नाही, तसं घरातही कुठलीही गोष्ट तीनदा विचारल्याशिवाय पक्की धरायची नाही. चहा हवा का? एकवार. हवा का? दोनवार. वैताग यायचा. लग्नाचंही त्याने बायकोला, म्हणजे ताईच्या भावजयीला, तीनदा विचारलं होतं, आणि दुसऱ्या वेळी ती "बघू" म्हणाली होती, हे तो पुढे वर्षानुवर्षं पाहुण्यांना रंगवून सांगायचा. म्हणून ताईने त्याच्यासाठी एक वेगळा पडदा केला. त्यावर घरं दोनच, 'हो' आणि 'नको'. बटण दाबलं की उजेड आधी 'हो'वर येणार, मग 'नको'वर, मग पुन्हा 'हो'वर. हवं ते घर उजळलं की पुन्हा दाबायचं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, तरच खाली 'पक्कं' अशी पाटी लागणार, आणि नवा प्रश्न नसला तर पुढच्या दाबण्याने अक्षरांचा पडदा परत येणार. ती पाटी पाहून फिरक्याने लिहिलं होतं, "हातोडीचा आवाज पण घाल." ताईने घातला. ठक्क.

मग ते जुनं यंत्र एका दुपारी बसलं. आधी धूर आला, मग वास, आणि मग काहीच आलं नाही.

ताईने दुसरं यंत्र आणलं. हेही युनिक्सच, फक्त दुसऱ्या घराण्यातलं. प्रोग्राम जसाच्या तसा चढवला, आणि पडद्यावर चौकटींच्या रेघांच्या जागी क्यू आणि एक्स अक्षरांच्या माळा लागल्या. फिरक्याच्या भोवती सगळीकडे क्यू, क्यू, क्यू. त्याने लिहिलं, "रांग लागलीय वाटतं माझ्या दर्शनाला."

प्रोग्राम लिहिणारा माणूस पडद्यावर स्वतः काही रंगवत नाही. मधे आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांचा एक संच असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. तिला सांगायचं, इथे रेघ काढ, तिथे उजेड पाड. ती पडद्याला त्याच्या भाषेत कळवते. दुभाष्यासारखं काम. सगळ्या युनिक्सवर ही लायब्ररी असते, सगळीकडे तिचं नाव एकच असतं, आणि कुठेही ती दुसऱ्या ठिकाणासारखी वागत नाही. या एका गोष्टीपायी ताईने उमेदीची वर्षं डोकं फोडून घेतलं होतं. एका यंत्रावर कोपऱ्यातलं शेवटचं घर भरलं की सगळा पडदा एक ओळ वर सरकतो, दुसऱ्यावर नाही. एकावर रंग ओळीच्या टोकापर्यंत जातो, दुसऱ्यावर अक्षरांपाशीच थांबतो. विचारायला जावं तर दोघेही म्हणणार, आमचंच बरोबर.

तर ताईने क्यू-एक्सच्या माळा काढल्या, कोपऱ्याचं घर सावरलं, रंग सावरले. बटण दहादा दाबून पाहिलं, वीसदा दाबून पाहिलं. उजेड शहाण्यासारखा सरकत होता. दिसणारे सगळे घोळ निस्तरले होते. न दिसणारा एखादा उरला असेल, हे तिच्या मनाला शिवलं नाही. इतकी वर्षं हेच काम करून तिच्या मनाला ते शिवलं नाही, ही गोष्ट पुढे ती स्वतःला कधी माफ करू शकली नाही.

पुढल्या काही दिवसांत फिरक्याचा श्वास उथळ झाला. डॉक्टरीणबाई घरी आल्या. खुर्ची ओढून त्याच्या नजरेसमोर बसल्या आणि आडपडदा न ठेवता बोलल्या. बाई सरळ होत्या, त्यांना दोष देता येत नाही.

"गळ्याला छेद देऊन नळी बसवता येईल. श्वास यंत्र घेईल. अंग परत येणार नाही, पण वर्षं मिळतील. घरच्यांना रात्रंदिवस बघावं लागेल, तेही सांगते. नाही बसवली, तर काही आठवडे. फार तर महिने. तुम्ही म्हणाल ते आम्ही करू. बसवायची का?"

भावजय पलंगाच्या पायथ्याशी, ताई पडद्याशेजारी. फिरक्याने बटण दाबलं. उजेड फिरू लागला. त्याने पुन्हा दाबलं.

नको.

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "नीट विचार करून सांगा. बसवायची का?"

नको.

"शेवटचं विचारते हं."

नको. ठक्क. पक्कं.

फिरक्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भावजयीने पदराने ते टिपलं आणि कपाळाला कपाळ लावून म्हणाली, "कळलं हो मला. कळलं. नाही बसवणार." ताईने त्याच्या पायावर हात ठेवला. निरोप घेतोय बिचारा, असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा चष्मा काढून पुसला. जाताना दारात म्हणाल्या, "मनात बदल झाला तर कळवा. अजून थोडे दिवस हातात आहेत."

त्यानंतर घराचं वागणंच बदललं. सगळे हळू बोलू लागले. बाजारातले जुने दोस्त फुलं घेऊन आले आणि पाय ओढत परत गेले. नळीच्या यंत्राची माहितीपत्रकं भावजयीने रद्दीत घातली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती सलग झोपली, आणि सकाळी उठली तेव्हा तिचा चेहरा थोडा उजळला होता. कोणी तिला नावं ठेवू नयेत. तिच्याइतकं झिजून दाखवावं आणि मग बोलावं. एका दुपारी ती पलीकडच्या खोलीत फोनवर तिच्या बहिणीशी बोलत होती. दार लोटलेलं होतं, पण भिंत पातळ.

"सुटतील गं बिचारे," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? मीही."

पलंगाशी बसलेल्या ताईने ते ऐकलं. फिरक्यानेही ऐकलं. कान त्याचे अजून बाजारातलेच होते. ताईने उगाच उशी सारखी केली, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.

दरम्यान त्याचं लिहिणं बिघडलं. आधी एखादं अक्षर चुके, मग शब्दच्या शब्द. पडद्यावर काहीबाही उमटायचं, ज्याला ना शेंडा ना बुडखा. तो मात्र दाबतच राहायचा, सकाळ-संध्याकाळ, कपाळावर घाम येईपर्यंत. ताई वाचायचा प्रयत्न करी, अंदाजाने विचारी, "पाणी? कूस बदलायची? खिडकी?" तो पुन्हा दाबायला लागे आणि पुन्हा तोच गचाळ पसारा. तीनदा विचारण्याची सोयच उरली नव्हती, कारण काय विचारायचं तेच कळेना.

"बाई म्हणाल्या होत्या ना, बहुतेक म्हणून," भावजय एकदा भांडी विसळताना म्हणाली.

"प्रोग्राममध्ये काहीतरी आहे गं," ताई म्हणाली.

"ताई, किती दिवस त्या पेटीशी झुंजणार आहात? त्यांच्याशेजारी नुसत्या बसा ना जरा."

ताईला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की हिचंच खरं असेल. ऑफिसात कोपऱ्यात त्या जुन्या यंत्राचं जुळं भावंड अजून उभं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्यावर प्रोग्राम चालवी, संध्याकाळी घरी येऊन नव्यावर चालवी. दोन्हीकडे तीच बटणं त्याच क्रमाने दाबी. दोन्हीकडे सगळं चोख. तिने लायब्ररीच्या मदतीची पानं वाचून काढली, एकेक ओळ बंद करून पाहिली, उजेडाचा वेग कमी केला, वाढवला. काही म्हणजे काही सापडेना. ती दाबायची तेव्हा उजेड असायचा तिथेच अक्षर उमटायचं. तो दाबायचा तेव्हा नाही. मग चूक कोणाची? शेवटी तिने हात टेकले. ऑफिसातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या तिने स्वतःला सांगून टाकलं की यंत्र ठीक आहे, भाऊ गेला. आतला भाऊ आधी गेला, उरलेला मागाहून जाईल. तिथे चारचौघांत रडता येईना म्हणून तिने एक फाइल उघडली आणि तिच्याकडे नुसती बघत बसली.

आणि मग ती भावजयीने सांगितलं तसं करू लागली. नुसती बसू लागली.

अशीच एका दुपारी बसली होती. भावजय औषधं आणायला गेलेली. फिरक्या नेहमीसारखा दाबत होता. त्याचा हात गार लागला, म्हणून ताईने आपला तळवा त्यावर ठेवला. पडद्याकडे बघायचं तिने सोडूनच दिलं होतं. ती हाताकडे बघत होती. तळव्याखाली बोट हललं, खाली गेलं. आणि खालीच राहिलं. ताईने वाट पाहिली. बोट उचललं जात नव्हतं. तो उचलायचा प्रयत्न करत होता, हे तिला त्याच्या मनगटातल्या थरथरीवरून कळलं. कितीतरी वेळाने बोट वर आलं.

तिने मान वर केली. पडद्यावरचा उजेड जागच्या जागी खिळला होता. मग एकदम टुणकन उडी मारून दोन घरं पुढे गेला.

तिने त्याचा हात हळूच बाजूला केला, बटणावर आपलं बोट ठेवलं, आणि जड करून दाबून धरलं. उजेड थांबला. आत प्रोग्राम पुढे चालला होता, घड्याळ चाललं होतं, फक्त पडदा मागे राहिला होता. बोट उचललं तरी क्षणभर तो मागच्याच घरावर. त्या क्षणात दाबलं तर उमटणार भलतंच अक्षर. मग तिने पूर्वीसारखं टिचकी मारल्यागत दाबून पाहिलं. सगळं चोख.

इतके दिवस ती निरोगी माणसाच्या बोटाने तपासत होती. दाबलं, उचललं, दाबलं, उचललं. दुबळं बोट दाबायला कमी पडेल, एवढाच विचार तिने केला होता. दुबळ्या माणसाला दाबण्यापेक्षा उचलणं अवघड जातं, हे तिला माहीत नव्हतं.

कारण तिला मदतीच्या पानांतच मिळालं. हीच ओळ तिने आधी चार वेळा वाचून पुढे सोडली होती. ही नवी लायब्ररी पडदा रंगवता रंगवता मधेच कानोसा घेते. कीबोर्डकडून काही येतंय का? येत असेल, तर माणूस टाइप करण्यात गुंतलाय, त्याला खोळंबवू नये, रंगवणं पुढच्या खेपेला बघू, असा तिचा विचार. फार सभ्य विचार. बटण दाबून धरलं की कीबोर्ड दाबल्याचा निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. ते जादा निरोप सोडून द्यायचे, एवढी काळजी ताईने प्रोग्राममध्ये घेतली होती. पण लायब्ररीच्या कानावर ते पडतच होते, आणि ती आपली अदबीने थांबून राहत होती. जुन्या यंत्रावरच्या लायब्ररीला एवढी अदब नव्हती. तिच्या पडद्यावर उजेड त्याच्या वेळेला सरकायचा, कोणी दाबो की न दाबो.

म्हणजे फिरक्याचं डोकं जागेवर होतं. इतके दिवस तो शुद्धीत राहून, घाम गाळून, एकेक अक्षर नेमकं निवडून बोलत होता, आणि त्यातलं काहीही आता परत मिळणार नव्हतं. पुसलं गेलं होतं. त्याच्याच अटीने.

ताईच्या मनात आनंद उसळला होता तो एवढं उमजेपर्यंत टिकला. मग तिला दुसरी गोष्ट आठवली.

तिने दोन घरांचा पडदा उघडला. हो आणि नको. फिरक्या बघत होता. तिने बटणावर बोट ठेवलं आणि त्याच्यासारखी झाली. मला 'हो' म्हणायचंय. दाबलं. बोट उचलेना. उजेड 'हो'वर उभा. हळूहळू बोट उचललं. उजेड अजून 'हो'वरच. हवं तेच घर समोर आहे, म्हणून दाबलं.

नको.

तिने पुन्हा केलं. नको. तिसऱ्यांदा केलं. नको. ठक्क. पक्कं.

भिंतीला पाठ टेकून ती खाली बसली. डोळ्यांतलं ते पाणी. भावजयीने पदराने टिपलं होतं. तो पलंगावर पडून आपल्या तोंडातून भलतंच उत्तर जाताना तीनदा बघत होता. मग सगळे किती मायेने, किती समजूतदारपणे आपल्याला मरू द्यायला तयार झाले, तेही बघत होता. आणि भिंतीपलीकडचा तो फोन.

दुरुस्ती एका ओळीची होती. लायब्ररीला सांगायचं, कानोसा घेऊ नकोस. ताईने ती लिहिली. एका ओळीला एवढा कमी वेळ लागावा, याचाच तिला संताप आला. मग ती जड बोटाने, हलक्या बोटाने, कापऱ्या बोटाने, बोटावर बोट ठेवून, अर्धवट उचलून, सगळ्या तऱ्हांनी तपासत राहिली. उजेड आपल्या वेळेला सरकत होता.

भावजय परतली तेव्हा ताई फिरक्यासमोर गुडघ्यांवर बसलेली होती. "फिरक्या, ऐक. माझी चूक झाली. पडदा खोटं दाखवत होता. आता नीट केलाय. त्या दिवशी, बाई आल्या होत्या त्या दिवशी, तुला काय म्हणायचं होतं? नळी हवी होती?"

औषधांची पिशवी हातात धरून भावजय दारातच थबकली.

उजेड फिरला. बोट खाली गेलं, कष्टाने वर आलं. उजेड दोन्ही घरांवरून जाऊन परतला, तेव्हा कुठे बोट पुन्हा खाली गेलं.

हो.

"हवी होती?"

हो.

"तीनदा, फिरक्या. हवी होती?"

हो. ठक्क. पक्कं.

भावजयीच्या हातातली पिशवी सुटली. ती पलंगाशी आली. ताईने घाईघाईने तिला सांगितलं, बटण, बोट, पडदा, काय सांगितलं ते तिचं तिलाही कळलं नाही. भावजयीला एवढंच कळलं की त्याला जगायचं होतं. "मी काय बोलले फोनवर," ती म्हणाली. "अहो, मी दमले होते हो. तसं नव्हतं माझ्या मनात."

"मी बाईंना फोन लावते," ताई उठली. "अजून दिवस आहेत, त्याच म्हणाल्या होत्या. थांब, आधी रीतसर विचारते, त्या विचारतीलच." तिचा आवाज चढला होता. दारातून आनंद आत येतोय आणि आपल्यालाच दार उघडायचंय, अशा घाईत तिने विचारलं, "आता नळी बसवायची ना?"

बोट खाली गेलं. वर आलं. उजेड 'हो'वरून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. बोट हललं नाही. मग उजेड 'नको'वर आला.

नको.

"नाही, नाही. थांब," ताई म्हणाली. "नीट बघून दाब. आता बसवायची का?"

नको.

"अहो, हो म्हणा ना," भावजय त्याचा खांदा धरून म्हणाली. "मी करीन सगळं. मला काही होत नाही. हो म्हणा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. उजेड किती फेऱ्या मारून गेला, कोणी मोजल्या नाहीत.

नको. ठक्क. पक्कं.

या वेळी त्याचे डोळे कोरडे होते.

"ताई, पुन्हा तसंच झालंय," भावजय वळून म्हणाली. "ते आधी झालं होतं ना, तसंच. उलटं पडतंय. बघा ना जरा. बघा!"

ताईने बटण ओढून घेतलं. जड बोटाने दाबलं. उजेड सरकला. धरून ठेवलं. सरकला. तिने प्रोग्राम उघडून ती ओळ पुन्हा वाचली, मग तिच्या वरच्या, खालच्या सगळ्या वाचल्या. उभ्या आयुष्यात तिने कधी चूक सापडावी म्हणून एवढा धावा केला नसेल. कोपऱ्यातलं एखादं घर, एखादा रंग, एखादी क्यूची माळ, काहीही चाललं असतं. 'हो' दाबलं की 'हो' येत होतं. 'नको' दाबलं की 'नको'.

"सापडलं?" भावजयीने विचारलं.

ताईने नकारार्थी मान हलवली.

"मग अजून एकदा विचारा."

ताईला फिरक्याकडे बघवेना. ती पडद्याशीच बोलली, "विचारू का रे अजून एकदा?"

बटण दाबल्याचा आवाज आला. त्याने दोन घरांचा पडदा मिटवून अक्षरांचा उघडला होता. उजेड सावकाश एका घरावरून दुसऱ्या घरावर जाऊ लागला, आणि फिरक्या लिहू लागला. प्रत्येक अक्षराला बोट खाली जाऊन तिथेच पडून राहायचं, मग थरथरत वर यायचं, आणि पडदा त्याची वाट न बघता पुढे चाललेला असायचा. दोघी बायका वाचत होत्या. पुष्कळ वेळ लागला. एकही अक्षर चुकलं नाही.

"तीनवार," त्याने लिहिलं.